सभेत नाव आमचं, कागदावर कुणाचं?

(जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या गावबैठकीत संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्यासारखाच ठेवला आहे. गावात वाचून दाखवावा, म्हणून छापत आहोत.)



२०२४ साली दोनदा आपल्या बोटाला शाई लागली. एप्रिलमध्ये लोकसभेची, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची. त्यानंतर जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची पाळी. म्हणजे पुन्हा गाड्या डोंगराकडे वळणार, भोंगे वाजणार, आणि माईकवरून आपल्याला आपलंच नाव ऐकवलं जाणार. आज आपण त्या नावाबद्दल बोलणार आहोत. कोणी म्हणेल, जमिनीचं बोला, भाषणांचं काय बोलता? आम्ही जमिनीचंच बोलतो आहोत. भाषणात आपलं नाव फार येतं आणि जमीन फार कमी येते. असं का होतं ते समजून घेतलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातल्या सभांची एक रीत ठरलेली आहे. सुरुवातीला मातृतीर्थ म्हणायचं, सिंदखेडराजाच्या जिजाऊंना वंदन करायचं, शेगावच्या गजानन महाराजांचं नाव घ्यायचं. त्यात काही वाईट नाही, ती नावं आपलीही आहेत. डोंगराच्या पायथ्याशी सभा असली की त्यात बिरसा मुंडा आणि टंट्या मामा येतात. स्टेजवर पाहुण्याला फेटा बांधतात, हातात धनुष्यबाण देतात. खाली आपली पोरं ढोल वाजवतात, बाया लुगडी नेसून रांगेत उभ्या असतात. फोटो निघतो. मग भाषण होतं, आणि त्यात जबरानजोतीच्या दाव्याचं काय झालं हे येत नाही.

बिरसाचं नाव घेणाऱ्याला विचारा, बिरसा कशासाठी लढला? त्यांच्या मुलखात मुंडांच्या जमिनी जमीनदार आणि सावकारांच्या घशात गेल्या होत्या, जंगल सरकारने बंद केलं होतं. १९०० साली जून महिन्यात ते रांचीच्या तुरुंगात गेले. त्यांच्या उलगुलानानंतर इंग्रजांना १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा करावा लागला, म्हणजे लढ्याचं फळ जमिनीच्या कायद्यात आलं. टंट्या मामाला १८८९ साली जबलपूरला फाशी दिली. त्यांचंही भांडण सुरू झालं ते जमिनीवरून. ज्यांच्या गळ्यात हे लोक हार घालतात, त्यांचं मागणं मात्र हाराखाली झाकलं जातं.

आता आपल्याच तालुक्यात झालेल्या एका भाषणाकडे येऊ.

२० नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रा जळगाव जामोदला होती. तिथे आदिवासी बायांच्या मेळाव्यात राहुल गांधी बोलले. आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथे होत्या. त्यांच्या बोलण्याचा सार असा होता: आमच्या आजी इंदिराजी म्हणायच्या की आदिवासी हे या देशाचे पहिले मालक आहेत. भाजपवाले तुम्हाला वनवासी म्हणतात. वनवासी म्हणजे तुम्ही फक्त जंगलात राहायचं, शहरात यायचं नाही, डॉक्टर-इंजिनियर व्हायचं नाही. पुढे ते म्हणाले की पेसा, वनहक्क हे कायदे कमजोर केले जात आहेत, आमचं सरकार आलं की ते मजबूत करू. २०२४ च्या नोव्हेंबरात नंदुरबारच्या प्रचारसभेतही आदिवासी आणि वनवासी या शब्दांचा मुद्दा त्यांनी पुन्हा मांडला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकून घ्या. ते म्हणतात, बिरसा मुंडांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर, २०२१ पासून आम्ही जनजातीय गौरव दिवस केला. आदिवासींसाठी वेगळं मंत्रालय १९९९ मध्ये अटलजींच्या सरकारने केलं. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. हे सगळं खरं आहे. संघाच्या विचाराच्या संघटना वनवासी शब्द वापरतात. १९५२ साली जशपूरला सुरू झालेल्या कल्याण आश्रमाच्या नावातच तो आहे. आदिवासी म्हटलं तर बाकीचे बाहेरून आले असं होतं, देशात सगळेच मूळचे आहेत, असं त्यांचं म्हणणं.

आमचं मत लपवायचं नाही. आम्ही आदिवासी शब्दाच्या बाजूचे आहोत. तो कुठल्या पक्षाने दिलेला नाही. छोटानागपुरात १९३८ मध्ये आदिवासी महासभा उभी राहिली. तिचे पुढारी जयपालसिंग मुंडा संविधान सभेत गेले, आणि हा शब्द संविधानात यावा म्हणून भांडले. तो आला नाही. कागदावर आपण अनुसूचित जमाती झालो. त्याच्याही आधी आपल्याला आपापली नावं होतीच. कोरकू म्हणजे काय? कोरकू भाषेत माणसं. भिलाला, निहाल, आंध, बारेला ही आपली नावं. ती आपल्या आजा-पणजाकडून आली, कुठल्या सभेतून आली नाहीत.

तेव्हा आदिवासी की वनवासी, यावर मत जरूर ठेवा. पण सभा तिथेच संपू देऊ नका. जो पुढारी आपल्याला बरं नाव देतो, त्याला म्हणायचं, साहेब, आता हे नाव कागदावर चालवून दाखवा. असे तीन कागद आपल्या भागात आहेत.

पहिला कागद: नकाशा

पेसा मजबूत करू, असं जळगाव जामोदला म्हटलं की टाळ्या पडतात. पण पेसा आपल्याकडे लागूच नाही. हे नीट ऐका, कारण बऱ्याच गावांना हे कोणी सांगितलेलं नाही.

पेसा हा १९९६ चा कायदा. तो फक्त अनुसूचित क्षेत्रात चालतो. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे कोणती गावं या क्षेत्रात येतात, ते राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. महाराष्ट्राचा असा आदेश १९८५ चा आहे. त्यात पश्चिमेला सातपुड्यातली यावल-रावेरची काही गावं आहेत. पूर्वेला मेळघाट, म्हणजे धारणी आणि चिखलदरा आहे. मधला आपला डोंगर मात्र कोरा आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं एकही गाव त्यात नाही. सातपुडा तोच, माणसं तीच, सोयरिकी एकमेकांत, पण तिकडच्या ग्रामसभेला गौण वनोपजावर, तलावावर, दारूच्या दुकानावर जो अधिकार आहे, तो पेसाखाली आपल्या ग्रामसभेला नाही.

म्हणून तेच भाषण नंदुरबारला कामाचं ठरू शकतं. तिथला मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. इथे त्या वाक्याला बुडच नाही. इथे पेसाचं नाव घेणाऱ्याने आधी सांगायला पाहिजे की आम्ही जळगाव जामोद, संग्रामपूरची आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात घालू. त्यासाठी राज्य सरकारकडून प्रस्ताव जावा लागतो, राज्यपालांशी विचारविनिमय होतो आणि राष्ट्रपतींचा आदेश निघतो.

आणि जे म्हणतात की आम्ही आदिवासी बाईला राष्ट्रपती केलं, त्यांनाही हाच प्रश्न. ज्या आदेशाने आपली गावं या नकाशात येतील, तो राष्ट्रपतींच्या नावानेच निघतो. मुर्मूबाई तिथे बसल्याचा आपल्याला आनंदच आहे. पण आमच्या गावांचा प्रस्ताव तुम्ही त्यांच्यापर्यंत पाठवला का? सांगा बरं.

दुसरा कागद: यादी

तरुण पोरांना वाटतं की आपण कायमच अनुसूचित जमातीच्या यादीत होतो. तसं नाही.

संविधान आल्यावर याद्या झाल्या, त्या तालुक्याप्रमाणे झाल्या. विदर्भात १९५६ च्या यादीप्रमाणे अमरावतीचा मेळघाट, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले गडचिरोली आणि सिरोंचा, आणि यवतमाळचे केळापूर, वणी, यवतमाळ, एवढ्याच तालुक्यांतले आदिवासी हे कागदावर आदिवासी. बुलढाणा जिल्ह्याचं नाव नव्हतं. म्हणजे मेळघाटातला कोरकू अनुसूचित जमातीचा, आणि त्याचाच भाऊ डोंगर उतरून जळगाव जामोदकडे राहिला तर तो कोणीच नाही. मेहकर-लोणारकडच्या आंधांचंही तेच.

ही तालुक्याची अट १९७६ च्या कायद्याने काढली, आणि १९७७ च्या जुलैपासून ते लागू झालं. राज्यात १९७१ च्या जनगणनेत अनुसूचित जमातीची माणसं साडेएकोणतीस लाख होती, १९८१ मध्ये ती सत्तावन्न लाखांवर गेली. दहा वर्षांत एवढी लेकरं जन्मली नाहीत. जी माणसं आधीपासून होती ती मोजली जाऊ लागली, आणि त्यांच्यासोबत काही असेही शिरले की ज्यांच्या नावात जमातीच्या नावाशी साम्य होतं. तिथूनच दाखल्यांची तपासणी, पडताळणी आणि भांडणं वाढली.

याचा ताप खऱ्या आदिवासीलाच जास्त होतो. दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. भिलाला-बारेला घराला म्हणतात, तुम्ही तर मध्य प्रदेशचे. अरे, पण १९५० साली आपला बुलढाणा जिल्हा कुठे होता? तो मध्य प्रदेशातच होता! राजधानी नागपूर. बऱ्हाणपूरही त्याच राज्यात. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. सीमा आपल्या अंगावरून फिरली, माणूस जागेवरच होता. हे अर्जासोबत लिहून द्या, आणि सभेत पुढाऱ्यालाही विचारा की या घरांच्या दाखल्यासाठी तुम्ही शासनाकडे काय मांडलं.

तिसरा कागद: दावा

हा आपल्या हातातला कागद आहे. वनहक्क कायदा २००६ चा, लागू झाला २००७ च्या शेवटच्या दिवशी. त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. तो बुलढाण्यालाही तेवढाच लागू आहे जेवढा गडचिरोलीला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. गावाच्या हद्दीतल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळतो. दावा आधी ग्रामसभेत, मग एसडीओच्या समितीकडे, मग कलेक्टरच्या समितीकडे. नाकारला तर कारणासह लेखी कळवलं पाहिजे, आणि साठ दिवसांत अपील करता येतं. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हलवता येत नाही.

या कायद्यातला एक मजेचा भाग सांगतो. पुराव्यांच्या यादीत दंडाची पावती आहे, म्हाताऱ्या माणसाचा जबाब आहे, जुनी विहीर, बांध, मसणवट आहे, आणि मतदान ओळखपत्रही आहे. ज्या कार्डासाठी पुढारी आपल्या दारात येतो, तेच कार्ड रहिवासाचा पुरावा म्हणून दाव्याला जोडता येतं. कार्ड बटण दाबायला घेऊन गेलात, तर त्याची एक झेरॉक्स दाव्यालाही लावा.

या कागदावर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहू.

पहिले मालक म्हणणाऱ्या पक्षाच्या राज्यात १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. दोन्ही वेळी इंदिराजीच पंतप्रधान होत्या. त्या कायद्यांत मालकाला विचारायची सोय नव्हती. पुढे त्यांच्याच सरकारने २००६ चा कायदा केला, हेही खरं. पण तो देशभरच्या आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि डाव्या पक्षांनी संसदेत जोर लावला तेव्हा झाला.

गौरव दिवस करणाऱ्यांचा हिशेब असा. ज्या सरकारने १९९९ मध्ये मंत्रालय केलं, त्याच सरकारच्या पर्यावरण खात्याने ३ मे २००२ ला अतिक्रमणं हटवायचं पत्र सगळ्या राज्यांना पाठवलं. २०२२ चे वनसंवर्धन नियम आले, त्यात केंद्राने मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती पाहायची, ही अट सैल करून ते काम राज्यावर ढकललं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे नाकारलेल्यांना काढायचा आदेश दिला. देशभर संताप झाला, लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, केंद्र सरकार कोर्टात धावलं आणि २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. पंधरा दिवसांत हे होऊ शकतं, हे लक्षात ठेवा. निवडणूक जवळ असते तेव्हा सरकारला पळता येतं.

मग आपल्याकडे जमिनीऐवजी शब्द का वाटतात? कारण सोपं आहे. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा. त्यात मेहकर अनुसूचित जातींसाठी राखीव, अनुसूचित जमातीसाठी एकही नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात आपण शंभरात सुमारे पाच. एवढ्या मतांसाठी पट्टा वाटून वनखात्याशी भांडण कोण घेणार? फेटा आणि टंट्या मामाचा जयजयकार यात भागतं, असं त्यांना वाटतं. पण सगळी गावं एकच प्रश्न विचारू लागली, तर पाच टक्केही एका मतदारसंघात जड होतात.

अजून एक गोष्ट. २०२४ च्या प्रचारात बटेंगे तो कटेंगे ऐकलं, एक हैं तो सेफ हैं ऐकलं. त्याच काळात एका स्टेजवर धनगर समाजाला आपल्या यादीत घ्यायचं वचन, आणि दुसऱ्या स्टेजवर आदिवासींच्या ताटातलं कोणाला देणार नाही असंही वचन. दोन्ही वचनं एकदम कशी पाळणार हे कोणी सांगत नाही. यादीत कोण असावं यावर आपलं म्हणणं स्पष्ट आहे, ते आपण कायद्याने मांडू. पण मेंढरं घेऊन येणारा धनगर, गुरं घेऊन येणारा गवळी, आपल्याच गावात राहणारं बौद्ध किंवा बंजारा घर, यांच्याशी भांडण करू नका. वनहक्क कायद्यात त्यांनाही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून जागा आहे, फक्त त्यांच्यावर पंचाहत्तर वर्षांच्या पुराव्याची कठीण अट आहे. ग्रामसभेत म्हातारे माणसं त्यांच्यासाठी जबाब देऊ शकतात, आणि त्यांनी द्यावा. फॉरेस्टचा गार्ड नांगर उचलून नेतो तेव्हा तो जात पाहत नाही.

तर करायचं काय? संघटनेने ठरवलं आहे ते असं:

१. कोणत्याही पक्षाच्या सभेत आपली पोरं-बाया नुसत्या स्वागताला उभ्या करायच्या नाहीत. ढोल वाजवायचा असेल तर आधी प्रश्न विचारू द्यायचा.

२. प्रत्येक गावाने ग्रामसभा घेऊन एका कागदावर लिहायचं: किती दावे केले, किती मंजूर, किती नाकारले, किती पडून, नाकारल्याचं लेखी कारण किती जणांना मिळालं. हा कागद प्रत्येक उमेदवाराच्या हातात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायची.

३. प्रश्न तीनच विचारायचे. आमची गावं अनुसूचित क्षेत्रात घालायचा प्रस्ताव पाठवणार का? पडलेल्या दाव्यांसाठी एसडीओ आणि जिल्हा समितीची बैठक कोणत्या महिन्यात लावणार? अंबाबरवा अभयारण्य असो की बाहेरचं जंगल, आमच्या ग्रामसभेच्या संमतीशिवाय गाव उठवणार नाही, हे लिहून देणार का?

४. प्रश्न बायांनी विचारायचे. पट्ट्यावर नाव दोघांचं लागतं, आणि जंगलात रोज बाईच जाते.

५. उमेदवाराने जे उत्तर दिलं ते तारखेसह ग्रामसभेच्या वहीत लिहायचं. निवडून आल्यावर वर्षाने तीच वही घेऊन त्याच्या दारात जायचं.

मत कोणाला द्यायचं ते आम्ही सांगणार नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही एवढंच म्हणतो, की आदिवासी म्हणा, जनजाती म्हणा, कोणी कोणत्याही नावाने हाक मारली तरी आपण त्याच्या हातात आधी दाव्याचा कागद ठेवायचा. पुढच्या अमावास्येच्या आत प्रत्येक गावाचा दाव्यांचा हिशेब संघटनेच्या कचेरीत आला पाहिजे. ज्या गावात लिहिणारं कोणी नसेल, त्यांनी निरोप पाठवा, आमची पोरं येऊन बसतील.

जल, जंगल, जमीन आमची आहे!
जोहार.